आतली बातमी

शनिवारची सकाळ. आठवडाभराची थकलेली झोप वसूल करून झालीय, दुसरा चहा झालाय आणि आज एकही कॉल नाही. खिडकीतून सुक्या बोंबलांचा वास येतोय, म्हणजे वारा खाडीकडून आहे. आम्हा ट्रॉम्बेकरांना वाऱ्याची दिशा नाकाने कळते. खाडीकडून असेल तर मासळी, माहुलकडून असेल तर रिफायनरी. असो.

आजचा विषय थोडा हापिसातला आहे, पण कंटाळू नका. तुमच्याही हापिसात हेच चालतं याची मला खात्री आहे.

मध्यंतरी एचआरकडून एक मेल आला. विषय होता : 'सोशल मीडियावर फॉलो करावेत असे इंटर्नल कम्युनिकेशनचे पंचवीस तज्ज्ञ'. इंटर्नल कम्युनिकेशन म्हणजे कंपनीने स्वतःच्याच माणसांशी बोलणं. एवढ्या साध्या गोष्टीचेही तज्ज्ञ असतात हे मला दीड वर्षापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. मग एके दिवशी मॅनेजरने विचारलं, "तू वीकेंडला काहीतरी लिहितोस ना रे?" मी "हो" म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रोजेक्टचा 'कम्युनिकेशन चॅम्पियन' झालो. पगारवाढ शून्य. काम काय, तर महिन्याचं न्यूजलेटर, वाढदिवसांचे मेल, टाउनहॉलच्या आठवणी आणि दिवाळीत आकाशकंदिलाचं चित्र टाकलेलं शुभेच्छापत्र. कोडिंग करून उरलेल्या वेळात हे करायचं.

तर ही यादी माझ्यासाठी आली होती. ती पाहून मला हसू आलं नाही, कारण तीन महिन्यांपूर्वी घडलेली एक गोष्ट अजून ताजी आहे. ती आधी सांगतो, मग यादीकडे वळू.

आमची शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. हापीस खाडीपलीकडे, ठाणे-बेलापूर रोडवर. जाताना मी मानखुर्दहून लोकलने जातो, रात्री परत येताना कंपनीची गाडी सोडते. नवीन ड्रायव्हर असला की पत्ता ऐकून हमखास गोंधळतो, कारण ट्रॉम्बेचं जुनं मराठी नाव तुर्भे आणि नवी मुंबईतही एक तुर्भे आहे. पण त्या दिवशीचे ड्रायव्हरकाका जुने होते, दोन वर्षं तेच सोडत होते. बुधवारची रात्र. वाशीचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "सर, एक तारखेपासून तुमच्या लोकांचा ड्रॉप बंद होणार ना? आमच्या सुपरवायझरने सांगितलं. मला आता दुसरा रूट बघावा लागेल."

मी म्हणालो, "नाही हो काका, असं काही नाही. मला मेल आला असता." चॅम्पियन ना मी!

गुरुवारी मॅनेजरला सहज विचारलं. त्याने केबिनचं दार लावून घेतलं. क्लायंटने प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलं होतं. अठ्ठावीस माणसं. काही दुसरीकडे जातील, बाकीची बेंचवर. बेंचवर साठ दिवसांत काही मिळालं नाही तर काय, हे तुम्हाला माहीत आहेच. "सोमवारी सगळ्यांना मेल जाईल. तोपर्यंत एक शब्द नको. आणि हो, मेलचा मसुदा तूच कर. पॉझिटिव्ह ठेव."

मी मसुदा केला. पॉझिटिव्ह ठेवला. विषय लिहिला : 'एका नव्या प्रवासाची सुरुवात'.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममधली टेस्टर माझ्या डेस्कपाशी आली. कल्याणला वन बीएचके बघत होती, वर्षभर चाललं होतं तिचं. म्हणाली, "ऐक ना, उद्या टोकन द्यायला जातोय. एक लाख. तुला आतल्या गोष्टी कळतात. प्रोजेक्टचं काही कमीजास्त नाही ना?"

मी म्हणालो, "मला तरी काही कल्पना नाही."

सोमवारी मेल गेला. अर्ध्या तासाने ती आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "हा मेल तू लिहिलायस ना? 'प्रवास' हा तुझाच शब्द आहे. न्यूजलेटरमध्ये दर महिन्याला असतो."

मंडळी, त्या क्षणापासून 'इंटर्नल कम्युनिकेशन' हा विषय माझ्यासाठी एचआरचा राहिला नाही. प्रोजेक्ट बंद झाला यात माझा दोष नव्हता. पण आमच्या कंपनीत ही बातमी कुणाला कुठल्या क्रमाने कळली ते बघा : क्लायंट, मोठे साहेब, गाड्यांचा कंत्राटदार, ड्रायव्हर, मॅनेजर, मी. आणि सगळ्यात शेवटी, ज्यांचं आयुष्य त्या बातमीवर अवलंबून होतं ते. त्या रांगेतला शेवटचा अडथळा मी होतो.

म्हणून यादी आल्यावर मी ती खरोखरच वाचली. पंचवीसच्या पंचवीस जणांना फॉलो केलं. तीन आठवड्यांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना अनफॉलो केलं. का ते सांगतो. रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो, खाली "नेतृत्व म्हणजे ऐकणं", त्याखाली चारशे टाळ्या. दुसऱ्या दिवशी "ऐकणं म्हणजे नेतृत्व". ऐकून नेमकं काय ऐकू आलं हे कुणीच सांगत नाही. मग मी स्वतःपुरती एक चाळणी बनवली : हा माणूस वाईट बातमीबद्दल लिहितो का? वाईट बातमी कशी सांगावी, कुणाला आधी सांगावी, सांगताना काय चुकतं, यावर ज्याने वर्षभरात एक ओळ लिहिलेली नाही, तो शुभेच्छापत्रांचा तज्ज्ञ. त्याचं काम मी आकाशकंदील टाकून करतोच की!

या चाळणीत जे उरले त्यांतले तीन तुम्हाला सुचवतो.

पहिल्या रेचल मिलर. ब्रिटनच्या. मूळच्या पत्रकार, मग कंपन्यांमध्ये अंतर्गत संवादाचं काम केलं आणि नंतर 'ऑल थिंग्ज आयसी' ही स्वतःची संस्था काढली. २०२४ मध्ये त्यांचं 'इंटर्नल कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी' हे पुस्तक आलं. त्यांचा एक मुद्दा मला पटला. लोकांना काय करायचं ते सांगणं म्हणजे अंतर्गत संवाद नव्हे, तर चाललंय काय याचा सगळ्यांना मिळून एकच अर्थ लागणं म्हणजे संवाद. आता आमच्या मेलला ही कसोटी लावा. 'नवा प्रवास' वाचून अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस अर्थ काढले होते. एकाला तर वाटलं, आपल्याला ऑनसाइट पाठवतायत!

दुसरे अनिसू वर्गीस. आपल्याकडचे, म्हणून आवर्जून. भारतातल्या कंपन्यांमध्ये हेच काम करत त्यांनी २०१२ मध्ये या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि 'इन्ट्रास्कोप' या नावाने वर्षानुवर्षं लिहीत आले. परदेशी तज्ज्ञ लिहितात ते आपल्या हापिसाला जसंच्या तसं लागू पडत नाही. आपल्याकडे टाउनहॉलमध्ये "काही प्रश्न?" असं विचारल्यावर पसरणारी शांतता हा वेगळाच प्रकार आहे. त्या शांततेचा अर्थ 'सगळं समजलं' असा नसतो, 'तू विचार ना' असा असतो. :) इथल्या मातीत काम केलेल्या माणसाचं लिखाण वाचायचं ते यासाठी.

तिसरे शेल होल्ट्झ, अमेरिकेतले. नेव्हिल हॉब्सन यांच्याबरोबर त्यांनी जानेवारी २००५ मध्ये 'फॉर इमिडिएट रिलीज' हा पॉडकास्ट सुरू केला. तेव्हा पॉडकास्ट हा शब्दसुद्धा बाळसं धरत होता. होल्ट्झ यांनी पुढे एका बांधकाम कंपनीचं अंतर्गत संवादाचं काम पाहिलं, ही मला त्यांच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. बांधकामावरच्या माणसाला दिवसभर मेल उघडायची सोय नसते. ज्याच्यासमोर लॅपटॉप नाही त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न ज्याला रोज पडला, त्याचं बोलणं आपोआप जमिनीवर येतं. आमचे ड्रायव्हरकाका कंपनीच्या कुठल्याच मेलिंग लिस्टवर नव्हते. तरी बातमी त्यांना आधी कळली. का, तर त्यांच्याकडे बातमी माणसाकडून माणसाकडे जात होती.

इथपर्यंत यादीचं काम झालं. पण मग माझ्या लक्षात आलं की या विषयातले मला माहीत असलेले सगळ्यात पक्के तज्ज्ञ कुठल्याच सोशल मीडियावर नाहीत. एक तर आमच्या घरातच आहे.

बाबा इथल्याच एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. तीस वर्षं शिफ्ट केल्या. आमच्या भागाची ओळख भाभा अणुसंशोधन केंद्रामुळे असली तरी चेंबूरपासून ट्रॉम्बेपर्यंतच्या कित्येक घरांची चूल खत, तेल आणि वीज यांच्या कारखान्यांवर पेटलीय. माझ्या 'प्रवासाची' गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात असं लॉगबुक लिहिलं असतं ना, तर रिलिव्हरने कॉलर धरली असती."

बाबांकडून ऐकलेला नियम असा. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये आधी काय बिघडलंय ते लिहायचं. कुठला पंप बंद आहे, कुठला व्हॉल्व्ह उघडून ठेवलाय, कुठलं काम अर्धवट आहे. किती उत्पादन झालं ते नंतर. आणि नुसतं लिहून निघायचं नाही. रिलिव्हर आला की त्याला घेऊन जागेवर जायचं, दाखवायचं, त्याच्या तोंडून परत वदवून घ्यायचं, मग सही. रिलिव्हर आला नाही तर घरी जायचं नाही, डबल ड्युटी करायची. "आपण निघून गेल्यावर जो उभा राहणार, त्याच्या जिवाची गोष्ट असते रे ती."

हे बोलणं बाबांच्या तोंडी मला थोडं नाटकी वाटलं असतं, जर मी पायपर अल्फाबद्दल वाचलं नसतं. ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रातला हा तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि पाइपच्या तोंडावर तात्पुरतं झाकण बसवलं होतं. काम अर्धवट राहिलं. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीतल्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू केला. गॅस गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. अपघाताची कारणं अनेक होती, पण सुरुवातीच्या कड्यांमध्ये एक साधी न पोचलेली बातमी होती. आपल्याकडे न्यूजलेटरचा फॉन्ट ठरवायला तीन मीटिंगा होतात. तिथे एक वाक्य हवं होतं : 'हा पंप सुरू करू नका'.

आमच्या प्रोजेक्टमध्ये कुणी मरणार नव्हतं, मान्य. पण 'उद्या टोकन देऊ नकोस' हे वाक्य त्याच जातीचं होतं.

दुसरा तज्ज्ञ शंभर वर्षांपूर्वीचा. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. शंकरराव त्यांचे पुतणे, चित्रकला शिकलेले. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. होतं काय, तर कारखान्याचं पत्रक. नांगर विकणाऱ्या कंपनीची 'खबर' तिच्या माणसांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची. आजच्या भाषेत न्यूजलेटरच. पण त्या पत्रकाचं पुढे काय झालं बघा. १९२९ पासून ते नुसतं 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये त्याला 'स्त्री' ही बहीण मिळाली, १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. ज्यांचा नांगराशी काही संबंध नव्हता अशी घरं ही मासिकं वर्गणी भरून घ्यायला लागली. आजीच्या माहेरी 'स्त्री'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते, असं ती सांगायची.

यावरून मला दुसरी चाळणी सुचली. आपलं न्यूजलेटर कुणी पैसे देऊन घेईल का? माझं तर फुकटसुद्धा कुणी उघडत नाही, रिपोर्ट दर महिन्याला माझ्यासमोरच असतो. फरक कागदाचा नाही, वाचणाऱ्याबद्दलच्या कल्पनेचा आहे. शंकररावांच्या लेखी वाचणारा विचार करणारा माणूस होता, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे विचार करण्यासारखं ठेवलं. आम्ही समोरचा 'रिसोर्स' आहे असं धरतो आणि त्याला टाळ्या वाजवायच्या चित्रांचे मेल पाठवतो. मग तो खरी बातमी ड्रायव्हरकाकांकडून घेतो. चूक कुणाची?

तिसरा तज्ज्ञ माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावरचा. चीता कॅम्प माहीत आहे? बहुतेकांना बसच्या पाटीवरून माहीत असतो. ही वस्ती आपोआप वसलेली नाही. मानखुर्दला अणुशक्तीनगरला लागून जनता कॉलनी होती. अणुऊर्जा खात्याला ती जागा हवी होती. आणीबाणीत, १७ मे १९७६ ला, ती उठवून सुमारे सत्तर हजार माणसं इथे खाडीच्या कडेला आणून टाकली. त्या लढ्यात उभे राहिलेले जॉकिन अरपुथम हे जनता कॉलनीतले एक सुतार. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागातून मुंबईत आले होते. कचरा उचलला जात नाही म्हणून वस्तीतल्या पोरांना हाताशी धरून तो कचरा महापालिकेच्या दारात नेऊन टाकणारा हा माणूस. १९७४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला. २००० मध्ये मॅगसेसे मिळालं, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

तुम्ही म्हणाल, हे तर चळवळवाले, इंटर्नल कम्युनिकेशनशी काय संबंध? विचार करा. हजारो माणसं, तमिळ, हिंदी, उर्दू, मराठी अशा भाषा, फोन नाहीत, सगळ्यांच्या कामाच्या वेळा वेगळ्या, आणि बातमी अशी की पोचली नाही तर छप्पर जाईल. यापेक्षा अवघड काम कुठल्या कंपनीत असतं?

जनता कॉलनी वाचली नाही. पण पुढे महासंघ, १९८४ मध्ये सुरू झालेली 'स्पार्क' ही संस्था आणि बायकांचं 'महिला मिलन' यांनी मिळून जी पद्धत बसवली ती मला फार शिकवून गेली. रोजची बचत. एक बाई रोज दारोदार जाते आणि ज्याला जमेल ते, रुपया-दोन रुपये, गोळा करते. बघणाऱ्याला वाटतं पैसे गोळा करतेय. पण रोज प्रत्येक दारात उभं राहिलं की कुणाचं काम सुटलंय, कोण आजारी आहे, कुणाला नोटीस आलीय, सगळं कळतं. पैशांबरोबर माणसं गोळा होतात, हा जॉकिन यांच्या सांगण्याचा गाभा होता. दुसरी पद्धत अशी की वस्तीतल्या झोपड्या आणि माणसं वस्तीने स्वतःच मोजायची, म्हणजे सरकारी कागदाला आपल्या कागदाने उत्तर देता येतं. आणि तिसरी, एका वस्तीतल्या लोकांनी दुसऱ्या वस्तीत जाऊन बघून यायचं, शिकून यायचं.

आता आपल्या हापिसाकडे बघा. आमच्याकडे बातमी फक्त वरून खाली येते. खालून वर जायला वर्षातून एकदा सर्व्हे, तोही 'निनावी' आणि तो भरताना सगळे विचार करतात की खरंच निनावी असेल का. महिला मिलनच्या बाईला सर्व्हेची गरज पडत नाही, ती काल त्याच दारात होती. माझ्याकडे अठ्ठावीस माणसांची यादी होती, वाढदिवसांसकट. पण त्यांतल्या कोण घर घेतंय, कुणाच्या घरी एकटाच कमावता आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. टेस्टरने आपण होऊन सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःलाच अनेकदा घेतलाय. सगळंच सगळ्यांना कसं सांगणार? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला काही गोष्टी आधी फोडता येत नाहीत, त्याला सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम आहेत. क्लायंटशी गोपनीयतेचे करार असतात. आणि गुपित म्हणजे काय हे ट्रॉम्बेकराला शिकवू नये, आमच्या शेजारी अणुसंशोधन केंद्र आहे. शेजारचे काका सदतीस वर्षं तिथे होते आणि काय काम करत होते हे काकूंनाही नीट माहीत नाही! ते कधी खोटं बोलले नाहीत. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "ते सांगता येत नाही." बस्स.

मुद्दा हाच आहे. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत एक अख्खी खाडी आहे. मॅनेजरने मला न सांगायला सांगितलं होतं. खोटं मी स्वतःच्या मनाने बोललो, कारण ते सोपं होतं. "याबद्दल मला आत्ता बोलता येणार नाही, पण सोमवारपर्यंत मोठा खर्च थांबव" एवढं म्हणालो असतो तर? ती समजली असती. गुपित थोडं गळलं असतं, हे कबूल. मॅनेजर ओरडला असता, कदाचित माझं चॅम्पियनपद गेलं असतं. एक लाखाच्या पुढे हे नुकसान किती मोठं, ते तुम्हीच ठरवा. आणि गुपित म्हणावं तर ते गाड्यांच्या कंत्राटदाराच्या हापिसात आधीच फळ्यावर होतं.

तेव्हा माझं मत, एका वाक्यात : फॉलो त्यालाच करा, जो वाईट बातमी ज्याची आहे त्याला आधी सांगायला शिकवतो. तो लिंक्डइनवर सापडला तर उत्तम. नाही सापडला तर लॉगबुक लिहिणाऱ्या, पत्रक काढणाऱ्या, दारोदार फिरणाऱ्या माणसांकडे बघा.

नव्या प्रोजेक्टमध्येही चॅम्पियनपद माझ्याच गळ्यात आलं. या वेळी मी दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक, मेलची पहिली ओळ बातमीचीच असेल. काय झालंय, काय अजून ठरलेलं नाही, आणि पुढचं कधी सांगणार, हे तीन प्रश्न आधी. 'प्रवास' हा शब्द मी कायमचा बंद केलाय. दोन, माणसांच्या नोकरीची बातमी असेल तर मेलच्या आधी प्रत्येकाशी मॅनेजरने समोर बसून बोलायचं, बाबांच्या रिलिव्हरसारखं. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीला "बघू" असं उत्तर आलं. हापिसात 'बघू'चा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तरी दर महिन्याला मी आठवण करतो. आठवणींचे मेल पाठवायचं कामच आहे माझं. :)

टेस्टरला पंचेचाळिसाव्या दिवशी दुसरा प्रोजेक्ट मिळाला. बेंचवर असताना कर्जाचं काही जमेना, घर सुटलं. बिल्डरने टोकनातले निम्मे कापून घेतले. ती आता चौथ्या मजल्यावर बसते. कँटीनमध्ये भेटते, नेहमीसारखं हसते, चहासुद्धा पाजते. फक्त एक झालंय. ती मला आता हापिसातलं काहीच विचारत नाही.

माझ्या न्यूजलेटरचा रिपोर्ट मी दर महिन्याला बघतो. किती जणांनी उघडलं, किती जणांनी क्लिक केलं. तो एक आकडा मात्र त्यात कुठेच येत नाही.

पुढच्या शनिवारी भेटूच.